तीन वर्षं उशिराचा निरोप

सोलापूर,
४ फेब्रुवारी २०२५

प्रिय प्रभुलिंग,

आमचा ख्रिस्ती सलाम लिहिला तर तू कपाळाला आठ्या घालशील, तुमचं लिंगायत शरणु लिहिलं तर आमच्या चर्चचे पाळकसाहेब. म्हणून नमस्कार. अक्काच्या नवऱ्याचं पत्र पाहून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोन केला नाही, कारण फोनवर मला खोटं फार सहज बोलता येतं. हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक?

इकडे थंडी ओसरली. नववीची मुलं संस्कृतला अजून 'स्कोअरिंग विषय' म्हणतात, आणि चर्चच्या मंडळीतले लोक मला 'भटजी'. तुझ्या अक्काचं, महेश्वरीचं डायलिसिस सोमवार, बुधवार, शुक्रवार. मूत्रपिंडासाठी यादीत नाव लावून एकवीस महिने झाले. माझं द्यायला गेलो तर मधुमेह आडवा आला. सुया टोचून तिच्या शिरा थकल्या आहेत. डॉक्टर पूर्वी "बघू" म्हणायचे, आता "लवकर बघा" म्हणतात.

ती मात्र खाटेवर पडून गीतं गुणगुणते. डायलिसिसला शेजारच्या खाटेवर असणाऱ्या केराबाईंनी विचारलं, "तुमचा नंबर कवा लागायचा?" तर म्हणाली, "देवाला म्हाईत हाय की. घाई मला हाय, त्याला न्हाय."

रोज संध्याकाळच्या प्रार्थनेत आधी तुझं नाव, मग किडनी. "माझ्या भावाचं मन वळव." मी शेजारी डोळे मिटून आमेन म्हणतो. तीन वर्षं म्हणतोय.

इथवर लिहून उठलो, चहा करून आलो. आता टाळत नाही.

तीन वर्षांपूर्वी तुम्हा दोघांच्या अव्वा गेल्या त्या दिवशी सकाळी साडेदहाला शाळेत तुझा फोन आला होता. "दाजी, अव्वा अक्काचं नाव घेतीया. लगेच पाठवा. तुमी मात्र येऊ नगा." ते शेवटचं वाक्य मला झोंबलं. ख्रिस्ती जावई म्हणून तुमच्या घरानं लावलेलं दार आठवलं. संध्याकाळी सांगू म्हटलं, फोन बंद केला आणि तास घ्यायला गेलो. साडेपाचला फोन उघडला तेव्हा अव्वांना जाऊन चार तास झाले होते. महेश्वरीला म्हणालो, आत्ताच कळलं. आम्ही मैंदर्गीला पोचलो तोवर माती झाली होती.

दारातच ती तुला म्हणाली, "आई जाईस्तवर कळवलं न्हाईस. माझा भाऊ मेला आजपासनं."

तू माझ्याकडे पाहिलंस. आणि गप्प बसलास.

परवा रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन होतं. भावाशी बिघडलं असेल त्यानं आधी ते मिटवून यावं, असं पाळकसाहेब दर महिन्याला सांगतात आणि मी दर महिन्याला छताकडे बघतो. परवा भाकरीचं तबक हातात आलं, ते मी न घेता पुढे दिलं. बायकांच्या बाजूनं महेश्वरी बघत होती. घरी येऊन तिनं काही विचारलं नाही.

काल डायलिसिस चालू असताना सांगून टाकलं. चार तास तिला उठून जाता येत नाही. कबुलीला याहून भित्रा मुहूर्त शोधून सापडायचा नाही. तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. यंत्र फिरत राहिलं. एक तास गेला, दीड तास गेला. संसार संपला असं मी धरून चाललो.

मग भिंतीलाच म्हणाली, "म्हंजे प्रभ्यानं माझ्या शिव्या फुकट खाल्ल्या."

"हो."

"आन मी देवाला भलत्याच माणसाचं मन वळवाय सांगत हुते." मग म्हणाली, "त्यानं बरोबर माणसाचं वळवलं. लई येळ लावला, पर वळवलं."

पुढे म्हणाली, "त्याला ये म्हणून लिवा. किडनीचं नाव काढाल तर बघा."

माझ्याशी तेवढंच बोलली. आज सकाळपासून केराबाईंना फोन करकरून तुझ्याबद्दल सांगते आहे.

नाव मी वर काढलंच आहे, तेव्हा पुरतं लिहितो. तुमचा दोघांचा रक्तगट एक आहे, आणि सख्ख्या भावाची तपासणी व्हावी असं डॉक्टरांचं म्हणणं आहे. मी मागत नाही, तिची मनाई आहे. पण तुझ्यापासून आणखी एक गोष्ट लपवणं आता मला झेपणार नाही. तपासणी करायचं मनात नसेल तरी ये. मंगळवार, गुरुवार, शनिवार ती घरी असते.

तू आलास की मी बाहेर ओट्यावर बसेन. तुम्ही बोलावलंत तरच आत येईन.

अव्वांची क्षमा आता मागता येत नाही, म्हणून तुझी मागणारा,
शांतवन