काचेतला कौल

॥ श्री भैरवनाथ प्रसन्न ॥

सोलापूर,
२६ नोव्हेंबर २०२५

चि. सिद्धनाथ यास,
गोदाताईचे अनेक आशीर्वाद वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. फोन करता आला असता, पण तुझा फोन आता देवळाचा झालाय. त्यावर काही बोलावं तर आधी तुझी विजया ऐकते, मग मंडळाची माणसं आणि मग अख्खा माळशिरस तालुका. म्हणून हे पाकीट.

सिदू, उत्कर्षासाठी कौल लाव असं मी तुला बहीण म्हणून सांगितलं. होटगीचं स्थळ सगळ्यांना पसंत होतं. आशिष रेल्वेत, शांत मुलगा, पोरीचीही ना नव्हती. पण आपण गुरव. आपल्याकडे देवाला विचारल्याशिवाय साखरपुडा होत नाही. मला वाटलं, विजया फोनवर मला एकटीला दाखवेल. तिनं तर मुलीच्या नावासकट सगळ्या जगासमोर लाइव्ह केलं. मी इथं पाटावर बसून बघत होते. देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या, खालून बदाम आणि जोडलेले हात सुळसुळ वर चाललेले, आणि त्यातच डावीकडची पाकळी गळली. विजयानं लगेच खाली लिहिलं, डावा कौल, देवाचा नकार.

दिवेलागणीला होटगीहून आशिषच्या आईचा फोन आला. त्यांच्या केम गावच्या जाऊबाईंनी बघून आधीच कळवलं होतं. देवाच्याच मनात नाही तर आपण कशाला, असं म्हणाल्या. बोलल्या फार गोड. तेव्हापासून ओळखीतला जो तो विचारतोय की मुलीत काही खोट आहे का. उत्कर्षा ऑफिसला जाते, येते, जेवते आणि फोन पालथा घालून ठेवते. मला चैन नाही. बसले की उठावंसं वाटतं, उठले की कुठं जाऊ कळत नाही.

तुझ्यावरचा राग पाकिटात मावला नसता. तरी शेंगाचटणी वेगळी पाठवते आहे.

तुझी,
गोदाताई


॥ श्री ॥

मु. पो. नातेपुते,
१ डिसेंबर २०२५

ती. ताईस,
सिद्धनाथचे शि. सा. नमस्कार वि. वि.

तुझं पत्र वाचून देवळाच्या पायरीवरच बसलो. ताई, कौल उजवा पडला. मी देवापासून हातभर अंतरावर उभा होतो. उजव्या खांद्यावरची पाकळी गळाली, ती उचलून मी कपाळाला लावली आणि तुझ्यासाठी पुडीत बांधून ठेवली. ती सोबत घातली आहे, वाळली असेल.

तुझा फोन आला नाही तेव्हा मला वाटलं, भाचीचं लग्न ठरलं आणि मामाला विसरले. मी फुगून बसलो. विजया बिचारी तुझं दुःख उगाळायला नको म्हणून गप्प होती. दोघं एका ताटात जेवत होतो आणि दोघांच्या पोटात वेगळाच कौल. तुझं पत्र वाचून दाखवलं तेव्हा आमची जुंपली. ती म्हणते डावाच पडला, माझे डोळे अधू झालेत. मी उजवा म्हणून ओरडलोही होतो, पण ढोलात तिला ऐकू गेलं नाही, आणि आवाज फाटतो म्हणून ती फोनचाही आवाज बंद ठेवते.

ते चित्रण अजून फोनवर आहे म्हणे. तू जन्मभर पोरांचे पेपर तपासलेस, एकदा हेही तपास.

राग असू दे, पण माया आटवू नकोस.

तुझा,
सिदू


॥ श्री ॥

सोलापूर,
४ डिसेंबर २०२५

चि. सिद्धनाथ यास अनेक आशीर्वाद.

तपासलं. देवामागच्या भिंतीवर आपल्या आण्णांच्या नावाची फरशी आहे ना, तिच्यावरची अक्षरं उलटी दिसतात, आरशात दिसावीत तशी. समईही भलत्या बाजूला गेली आहे. मी चाळीस पोरांच्या वर्गात एका अक्षराचा उलटा काढलेला पाय दारातून ओळखायची, आणि इथं अख्खं देऊळ उलटं झालं तरी मला दिसलं नाही. डोळे सगळे त्या पाकळीवर.

उत्कर्षाला दाखवलं तर तिनं क्षणात सांगितलं. मामी फोनची काच स्वतःकडे करून ठेवते, म्हणजे बघणाऱ्यांची नावं वाचता येतात. त्या बाजूच्या कॅमेऱ्यात डावं-उजवं बदलून जातं. मग त्या दिवशीच का नाही बोललीस, म्हणून मी चिडले. ती म्हणाली, मी स्वयंपाकघरात होते, मला बघायला बोलावलंच कुणी. मग हसायला लागली आणि हसता हसता रडली.

आणि विजयाला काय म्हणावं? साक्षात देव पाठीशी चार पावलांवर, आणि ही बाई काचेत बघून त्याचं उत्तर लिहिते. पण तिला कुठल्या तोंडानं बोलू, मी तरी दुसरं काय केलं.

आता उशीर नको. होटगीकर दुसरी मुलगी बघायला लागलेत असं कानावर आलंय. येत्या रविवारी त्याच फोनवर, त्याच माणसांसमोर, कौल उजवा होता म्हणून सांग.

वाट बघणारी,
गोदाताई


॥ श्री ॥

मु. पो. नातेपुते,
१० डिसेंबर २०२५

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

रविवार गेला आणि मी बोललो नाही. आधी रागावून घे, मग पुढचं वाच.

ताई, फोन श्रावणापासून तसाच ठेवलेला आहे. समोर येऊन विचारणाऱ्यांना मी तोंडानं सांगतो, त्यांचं बरोबर गेलं. पण लांबून विचारणाऱ्या सगळ्यांना काचेतला कौल मिळाला, म्हणजे उलटा. अक्कलकोटच्या शिवलिंगप्पांनी नवी जागा घ्यायची सोडली. येडू धनगराची चिमाबाई मेंढरं घेऊन लांब माळावर होती. तिच्या ऋतुजाला तुमच्या सोलापुरात नर्सिंगला जागा मिळाली होती. पाठवू का, म्हणून तिनं तिथून विचारलं. देवानं हो म्हटलं, काचेनं नको. पोरगी आता मेंढरांमागं आहे.

हे मी सांगितलं तर आपल्या घराण्याची सेवा उद्या काढून घेतील. मला हे एकच येतं. विजया म्हणते, फोन गुपचूप फिरवू आणि पुढचं नीट चालवू. होटगीला मी स्वतः जाऊन कानात सांगतो. देवाला पुन्हा विचारता येत नाही, एकच प्रश्न दोनदा लावायचा नाही ही आण्णांची शिस्त तुला ठाऊक आहे. झोप लागत नाही, गाभाऱ्यात पाय टाकायला नको वाटतं.

काय करू ते कळव. चुकलो तरी तुझाच आहे.

सिदू


॥ श्री ॥

सोलापूर,
१४ डिसेंबर २०२५

चि. सिद्धनाथ यास आशीर्वाद.

लबाडी करायची तर माझ्या लेकीच्या नावावर करू नकोस. नकार चव्हाट्यावर आणि होकार कानात, असा होकार घेऊन ती कुठं तोंड दाखवणार? आणि तिचं तेवढं सुलटं करायचं, चिमाबाईच्या पोरीचं उलटंच राहू द्यायचं, हे मला पटत नाही. मला तुझी काळजी नाही असं समजू नकोस. सेवा गेली तर इकडे ये, दोन खोल्या आहेत, भाकरी आहे. पण सांग.

आणखी लिहिलं तर वाईट लिहीन म्हणून थांबते.

गोदाताई


॥ श्री ॥

मु. पो. नातेपुते,
२३ डिसेंबर २०२५

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

सांगितलं. रविवारी आरतीनंतर फोनसमोर बसलो, आण्णांची फरशी दाखवली, आणि श्रावणापासूनचा प्रत्येक कौल उलटा समजा असं म्हणालो. विजया पदर तोंडाला लावून शेजारी बसली होती. तिनंच हट्टानं बसायचं ठरवलं. आता माणसं काठ्या घेऊन येतील असं वाटलं.

कुणी आलं नाही, ताई. उलट मंडळाचे अध्यक्ष येऊन म्हणाले की फोन होता तसाच ठेवा. शिवलिंगप्पांनी सोडलेली ती जागा रस्त्यात गेली म्हणे, त्यांना काचेतला कौलच लागू पडला. दुसऱ्या एकीनं नकार समजून दिल्लीचा प्रवास रद्द केला, म्हणून नातवाच्या जन्माला ती घरी सापडली. जो तो आपलं कसं बरोबर ठरलं ते लिहीत होता. माझं ऐकायला कुणाला सवड नव्हती.

चिमाबाई एकटी आली, मेंढरं येडूवर टाकून. पायरीवर बसली. माझ्या पोरीला देव काय म्हनला होता, एवढंच विचारलं. जा म्हणाला होता, असं सांगितलं. बराच वेळ पदराचं टोक पिळत राहिली. मग म्हणाली, आमी तितं, देव हितं, म्हून फोनात बघितलं, न्हायतर इचारायला आलेच असते की. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

फोन आता कपाटात आहे. होटगीचं काय झालं?

तुझ्या पत्रावर जीव टांगलेला,
सिदू


॥ श्री ॥

सोलापूर,
२९ डिसेंबर २०२५

चि. सिद्धनाथ यास,
गोदाताईचे मनापासून आशीर्वाद.

तुझं पत्र उशाशी घेऊन झोपले, बऱ्याच दिवसांनी झोप लागली. विजयाला सांग, शेजारी बसली ते मला फार आवडलं.

होटगीकरांनी ते ऐकलं. आशिषच्या आईनं फोन करून सांगितलं की तसं असेल तर आमची हरकत नाही, फक्त एकदा पुन्हा कौल लावा, आमच्यासमोर, फोन सरळ धरून. मी आनंदानं हो म्हणणार होते. आण्णांची शिस्तसुद्धा मोडायला निघाले होते. उत्कर्षानं माझ्या हातातून फोन घेतला आणि अगदी नम्रपणे त्यांना नाही म्हणून सांगितलं.

मी कपाळावर हात मारला. मग तिनं चहा ठेवला आणि बोलली. नकाराच्या त्या संध्याकाळी आशिषच्या नावाखाली ऑनलाइन असं दिसत होतं, रात्री झोपेपर्यंत दिसत होतं. ती बघत बसली होती. त्यानं एक अक्षर लिहिलं नाही, त्या दिवशी नाही आणि आजपर्यंत नाही. सिदू, पाकळी कुठल्या बाजूला पडली हे कळायला आपल्याला कितीतरी दिवस लागले. तिला तिचं उत्तर त्याच संध्याकाळी मिळालं होतं. मी देवाला विचारलं, तुला विचारलं, फोनमध्ये दोनदा डोकावून बघितलं. शेजारच्या खोलीत ती बसली होती, तिला विचारलं नाही.

चिमाबाईला निरोप दे. नर्सिंगचे यंदाचे प्रवेश संपले आहेत, मी परवा जाऊन चौकशी करून आले. पुढच्या वर्षीचा अर्ज उन्हाळ्यात निघेल. तोवर ऋतुजाला माझ्याकडे राहू दे, मी तिचा अभ्यास घेईन. इथल्या गड्डा यात्रेची गर्दी ओसरली की तू स्वतः तिला घेऊन ये. पण तिला नर्स व्हायचं आहे का, हे आधी तिलाच विचार, आणि उत्तर ऐकताना तिच्या तोंडाकडे बघ.

तुम्हा दोघांची,
गोदाताई