बाबांच्या उजवीकडची जागा

गुवाहाटी

बाबा,

तुमाले आन् आईले संघदीपचा सप्रेम जयभीम. मी मजेत हाय. खाणंपिणं बरं हाय, फक्त ज्वारीची भाकर कुठं भेटत नाही.

काम भरपूर हाय. परवा गझलच्या कार्यक्रमात हलक्या हातानं वाजवलं, काल रॉकवाल्या पोट्ट्यांसंग घाम निघेपर्यंत ड्रम बडवले, उद्या स्टुडिओत सिनेमाचं गाणं हाय. ज्याचा ड्रमर आजारी पडते, तो मलेच बोलावते.

आईचा गुडघा कसा हाय? धाकल्या मोनालीच्या अ‍ॅडमिशनचं काय झालं?

एक गोष्ट फोनवर सांगता येत नाही. तुमाले ऐकू यावं म्हणून फोन स्पीकरवर असते, आन् मंग आईबी ऐकते. म्हणून पत्र लिहून राह्यलो.

माह्या डाव्या कानात नुसती शिट्टी वाजत राह्यते, बाकी त्यानं काही ऐकू येत नाही. डॉक्टर म्हणाले, आता उजवा जपा. ठोका मोजून देणारा हेडफोन मी फक्त उजव्या कानात घेतला, तर सोबतच्या पोट्ट्यांले वाटते नवीन फॅशन हाय. काम कुठंच अडलं नाही. काळजी करू नका.

तुमचा डावा कान बँडातल्या ढोलानं गेला. आमी लहानपणापासून तुमच्या उजवीकडं बसूनच बोललो. आता बसमधी मीबी डाव्या खिडकीजवळ बसतो.

सोयाबीन निघालं की येतो. पण मी तुमच्या उजवीकडं बसलो, तर तुमी माह्या डावीकडं याल. आता आपण समोरासमोर बसू.

तुमचा,
संघदीप