नवशिक्यांचं टेबल

८ मे, गुरुवार

"हात लावू नकोस, अजून ओलं आहे." मी शाळेत असताना बाबा आईला म्हणाले होते. रंग त्या दिवशीच वाळला. आईने मात्र त्यांच्या प्लॅस्टिकच्या जहाजांना, विमानांना पुढे कधीच हात लावला नाही. नुसती कपाटाची काच पुसायची.

बाबा जाऊन तीन वर्षं झाली. आज आईचा फोन. त्यांनी न उघडता ठेवलेल्या खोक्यांपैकी एक तिने उघडलं. आत सुट्या भागांची छोटी मोटारगाडी. जोडून झाली! एक चाक टेकत नाही म्हणे.

११ मे, रविवार

क्लबची बैठक. आमचं अख्खं शिझुओका शहर प्लॅस्टिकच्या प्रतिकृती बनवतं, आणि क्लबच्या प्रदर्शनात दरवर्षी तीच मंडळी. मी म्हटलं, यंदा नवशिक्यांचं वेगळं टेबल मांडू. वाकडं, डागाळलेलं, सगळं चालेल. सगळ्यांना पटलं. अध्यक्ष ओइशीसान पाट्या लिहायला बसले – 'नवशिके' आणि 'मुरलेले'. माझं अक्षर फार वाईट, असं पुन्हा पुन्हा म्हणत अतिशय देखण्या पाट्या लिहिल्या.

१४ मे, बुधवार

आई येणार. गाडी घेऊन! त्यासाठी केस कापून आली. गाडी ठेवायला केकचं रिकामं खोकं मिळवलंय. मी फार बोलले नाही. उत्साह दाखवला की ती बेतच रद्द करते.

१७ मे, शनिवार

काय माणसं आहेत ही!

प्रदर्शनाचा पहिला दिवस. सकाळी ओइशीसान रणगाडा घेऊन आले. त्याच्या पट्ट्यांतला चिखलसुद्धा खरा वाटतो. ठेवला नवशिक्यांच्या टेबलावर! मी अजून शिकतोच आहे, म्हणाले. चाळीस वर्षं शिकताहेत. मग क्लबमधले दुसरे जुने शिरातोरीसान स्वतःला मुरलेले कसे म्हणवून घेणार? त्यांचा किल्लाही तिथेच. मग रांगच लागली. 'मुरलेले'च्या टेबलावर पांढरी चादर, पाटी आणि कुणाचीतरी छत्री.

मी ओइशीसानशी वाद घातला. ते शांतपणे म्हणाले, "मग चिझुरूसान, तुम्ही बसता का तिकडे?"

बाबांची युद्धनौका मीही नवशिक्यांतच ठेवली होती. त्यांच्या वतीने विनय!

एक बाई पिशवी घेऊन आल्या, टेबल पाहिलं, पिशवीचं तोंड आवळून निघून गेल्या. मग आई आली, खोकं छातीशी धरून. टेबलासमोर बराच वेळ उभी राहिली. भाजी आणायची राहिली म्हणाली. चहासुद्धा न घेता, खोकं न उघडता परत गेली.

१७ मे, संध्याकाळी

आईकडे गेले. मला वाटलं, इतरांचं काम बघून बुजली असेल. हे सगळे मुरलेलेच आहेत, नुसते लाजतात, अशी समजूत घालत बसले. तिने सगळं ऐकून घेतलं, माझ्यापुढे ओदेनचा, रश्शात शिजवलेल्या मुळा-अंड्याचा, वाडगा ठेवला.

"बुजेन कशाला? माझं चाक वाकडं आहे, मला माहीत आहे. पण तुझे बाबा नवशिके होते का गं? ते तिथे बसणार असतील, तर मी कुठे बसू?"



१८ मे, रविवार

दार उघडल्याबरोबर बाबांची नौका उचलून 'मुरलेले'च्या टेबलावर ठेवली. सगळे बघत राहिले. ओइशीसान पुढे आले, आपली छत्री उचलून घेऊन गेले.

नौकेशेजारी वीतभर जागा मोकळी ठेवली आहे. आता आईला फोन करते – तुझी गाडी इथे, बाबांच्या शेजारी ठेवशील?

नाहीच म्हणणार.