मुठीबाहेरचा अंगठा

३ जून
ती. आत्यास सा. न. वि. वि.

दादाची तपासणी झाली. हृदयातून निघणारी मोठी धमनी मुळाशी फुगली आहे. बाबा कशाने गेले, ते आता कळलं. एका जनुकात बिघाड आहे, त्यामुळे फायब्रिलिन नावाचं प्रथिन नीट बनत नाही. तूच शिकवलंस ना, खुर्चीचं कापड नवं असलं तरी खालच्या पट्ट्या सैलावल्या की बैठक खचते? ते प्रथिन म्हणजे शरीरातल्या पट्ट्या.

मग डॉक्टरांनी दादाला अंगठा आत घेऊन मूठ मिटायला सांगितलं. आत्या, अंगठ्याचं टोक करंगळीकडून बाहेर आलं! आपला घरातलाच खेळ: अंगठा बाहेर आला तो घरचा, नाही आला तो पाहुणा. मी हसले, आणि लगेच आठवलं. बाबांचा यायचा. तुझाही येतो.

तपासून घे. रागाव हवं तर, पण जा.
तुझी पाहुणी

१२ जून
चि. पाहुणीबाईस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी मूठ मिटली. आला बाहेर! घराण्याची खूण आहे ती. तुला काय, साध्या शिंकेतही न्यूमोनिया दिसतो. मी अजून दुकानात दुरुस्तीला आलेला अख्खा सोफा एकटी उलटा करते. कालच केला. दोन खांद्यांमध्ये चमक भरली आहे, शेक घेते. दादाला जप, माझी काळजी नको.
तुझी ठणठणीत आत्या

१५ जून
आत्या,

काही उचलू नकोस. बाबाही चमक भरली म्हणून शेकच घेत बसले होते. तू फोन बाळगत नाहीस, म्हणून हे पत्र तुझ्या दुकानात फोम आणणाऱ्या गाडीवाल्याबरोबर पाठवते. त्याच्याच गाडीतून थेट इस्पितळात जा. मीही रक्त दिलं आहे. अंगठा आत राहतो म्हणून सुटले असं नाही, असं डॉक्टर म्हणाले.

माझ्यावर माया असेल तर आज एवढं ऐक.
पाहुणी

२ जुलै
चि. पाहुणीबाईस आशीर्वाद.

नर्सकडून लिहून घेते आहे. धमनीला आतून चीर गेली होती. आता तिथे कापडी नळी बसवली आहे. टाके कुठल्या दोऱ्याचे, विचारलं तर डॉक्टर हसले.

काल सून नातीला घेऊन आली. शाबासकीसाठी ती मूठ मिटून दाखवायला लागली. मीच शिकवलेलं. मला बघवेना. तिची मूठ दोन्ही हातांनी झाकली आणि म्हटलं, पाहुणी हो गं बाई, पाहुणीच हो.

तिचं रक्त उद्या घेणार आहेत. तुझं काय आलं, ते लपवू नकोस. लोभ असू दे. सध्या तेवढंच उचलायची परवानगी आहे.
तुझी आत्या