सहा स्प्लिट एसींचा ऑल-इन

सोमवार, १ सप्टेंबर
आजपासून ऑनलाइन पोकर. फक्त लो स्टेक्स, छोटे डाव. लियाकतने ॲपवर प्रायव्हेट टेबल काढलंय. तिघेच. तो (मासळीचा होलसेल, शारजा), फहद (गॅरेज) आणि मी. पैसे नाहीत. इथला कायदा कडक, आणि आमच्या बायका कायद्याहून कडक. म्हणून एक चिप म्हणजे एक दिरहमचं काम किंवा माल. हरणाऱ्याने त्याच आठवड्याच्या रविवारी, स्वतःच्या हाताने फेडायचं. हेल्पर पाठवायचा नाही. नियम माझा. फहद कामचुकार आहे, त्याला बांधून ठेवलेलं बरं.
मला जमणारच. तेवीस वर्षांपूर्वी एसीचा हेल्पर म्हणून आलो, आज दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात स्वतःचं वर्कशॉप. इंग्लिश येत नव्हतं तेव्हा गिऱ्हाइकाच्या आवाजावरून रेट ठरवला. कान ही माझी डिग्री.

मंगळवार, २ सप्टेंबर
२१ तारखेला लग्नाला वीस वर्षं. रविवारच आहे. प्रमिलाला खोर फक्कान कबूल केलंय, समुद्रासमोरची खोली. पाच वर्षं कबूल करतोय, पण दर वर्षी सीझन आडवा येतो. या वेळी तिने स्वतःच बुकिंग केलं. सातशे दिरहम, म्हणजे सोळा हजार आठशे रुपये, परत मिळत नाहीत. म्हणाली, या वेळी नाही आलात तर मी एकटी जाईन. गंमत करत असणार.

बुधवार, ३ सप्टेंबर
व्हिडिओ पाहिला. नवशिक्याने दहातले आठ हात टाकून द्यावेत म्हणे. पत्ते टाकायचे तर बसायचं कशाला? दुकान उघडायचं आणि शटर पाडून आत झोपायचं? व्हिडिओ बंद केला.

रविवार, ७ सप्टेंबर
जिंकलो! लियाकतकडून दोन किलो सुरमई. ऐंशी दिरहम. म्हणजे एकोणीसशे वीस रुपये!!
फहदचे दोन एसी धुऊन द्यावे लागले. पण तो तोटा नव्हे. पाणी त्याचं, ब्रश माझाच. निव्वळ नफा: एकोणीसशे वीस.
अस्मिता म्हणाली, बाबा, टू एसीज इज टू हंड्रेड दिरहम्स. जिंकलेलं रुपयांत आणि हरलेलं एसीत का लिहिता? अकरावीत कॉमर्स घेतलं की मुलं अशी संशयी होतात.

बुधवार, १० सप्टेंबर
थोडं मागे आहे. कारण पत्ते. माझ्यात दोष नाही.
ते दोघे माइक बंद ठेवतात. घाबरतात माझ्या कानाला. मी मात्र चालू ठेवतो. बंद केला तर मला ऐकू कसं येणार?

रविवार, १४ सप्टेंबर
गॅरेजवर चार एसी. बेचाळीस डिग्री. फहद खुर्ची टाकून बघत बसला होता. शेवटी त्याला दया आली. म्हणाला, शैलूभाऊ, राजा आला की तुम्ही वहिनींना चहा टाकायला सांगता. पत्ते भंगार असले की हेल्परच्या नावाने शिव्या घालता. आम्हाला पत्ते बघायची गरजच पडत नाही.
घरी अस्मिताला विचारलं. माइक बोलायला असतो म्हणे, ऐकायला नाही. दोन आठवडे कुणी सांगितलं नाही! वुई थॉट यू न्यू, म्हणाली.

मंगळवार, १६ सप्टेंबर
पण हीच संधी. माइक चालूच ठेवणार. भंगार पत्त्यांवर चहा मागवणार, ते राजा समजून पत्ते टाकणार. एका हातात सगळं वसूल. रविवारी निवांत खोर फक्कान.

गुरुवार, १८ सप्टेंबर, संध्याकाळी ७
सत्ती आणि दुरी. रंगही वेगळे. याहून भंगार पत्ते नाहीत. देवानेच पाठवले! सहाशे चिप्स, ऑल-इन, होते नव्हते तेवढे सगळे. मोठ्याने ओरडलो, प्रमिला, चहा टाक गं!
फहदने पत्ते टाकले. लियाकत अडकला. मला दिसत होतं, म्हणजे दिसत नव्हतं, पण कळत होतं.
तेवढ्यात किचनमधून प्रमिला: दूध संपलंय, सकाळीच सांगितलं होतं. आणि खरंच राजा आला असता तर एवढ्या गोड आवाजात नसता मागितला चहा.
स्क्रीनवर लियाकत: कॉल. म्हणजे तोही सहाशे लावून भिडला.
त्याच्याकडे दोन नव्व्या. मी साफ.

गुरुवार, रात्री ९
सहाशे चिप्स म्हणजे सहा स्प्लिट. लियाकतच्या घरचे तीन, गोडाऊनचे तीन. रविवारीच.
लियाकत सज्जन. फोन करून म्हणाला, सोड रे हबीबी, वहिनीला घेऊन जा, एसी पुढच्या आठवड्यात. मागे फहद हसला. त्या हसण्यात मला कीव ऐकू आली. मी म्हटलं, शैलेंद्र रविवारचं रविवारी फेडतो. खलास.
प्रमिलाने हे सगळं ऐकलं. कपाटावरून एकच बॅग काढली.
ठीक आहे. सहाला सुरू करतो, दोनपर्यंत सहाही उरकतो, चारला इन्शाल्ला समुद्रात.

रविवार, २१ सप्टेंबर, संध्याकाळी ५:४०
चार एसी झाले. गोडाऊनचे दोन बाकी. मासळीच्या गोडाऊनमधल्या एसीतून काय निघतं ते इथे लिहीत नाही.
प्रमिला आणि अस्मिता सकाळी आठलाच गेल्या, लियाकतच्या बायकोच्या, शहनाझभाभींच्या गाडीतून. यल्ला म्हणत.
आत्ता प्रमिलाचा फोन आला. खोली छान आहे म्हणाली. समुद्र अगदी समोर. एसी तेवढा आवाज करतो.
मी म्हटलं, फोन युनिटजवळ धर. ऐकलं. पंख्याला धूळ, एका बाजूला. रिसेप्शनला सांग, दहा मिनिटांचं काम. आणखी थोडं ऐकू दे, खात्री करतो.
तिने फोन युनिटखालच्या टेबलावर ठेवला. मग दार लागल्याचा आवाज आला.
वीस मिनिटं झाली. मी अजून ऐकतोय. धूळच आहे.