प्लॅस्टिकच्या आजोबांशी बोलणं

वसतिगृह,
६ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तू परीक्षेचं विचारलंस आणि मी नुसतं हं म्हटलं. त्या हंचा अर्थ असा, की मी पुन्हा नापास झाले. कागदावर मला सांगता येतं, म्हणून लिहिते आहे.

लेखीत मी वर्गात दुसरी आहे. नापास होते ती सरावखोलीत. तिथे पलंगांवर प्लॅस्टिकचे पुतळे झोपवलेले असतात आणि माझ्या वाट्याला नेहमी येतात ते ‘आजोबा’. टक्कल, उघडं तोंड आणि उजवा हात कुठल्यातरी बाईच्या पुतळ्याचा, गोरा, नखं रंगवलेला. त्यांच्या पोटावरची जखम मी साफ केली, पट्टी बांधली. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, की पट्टी अख्ख्या वर्गात माझीच चांगली. पण त्याआधी आजोबांना मी कोण ते सांगायचं, त्यांचं नाव विचारायचं, काय करणार ते समजवायचं, मधूनमधून दुखतंय का विचारायचं. निम्मे गुण त्याचेच. आत्या, प्लॅस्टिकला कसलं दुखतंय? माझी जीभ टाळ्याला चिकटते. पडद्यापलीकडे बाकीच्या मुली आपापल्या पुतळ्यांशी गोडगोड बोलत असतात, ते ऐकून तर आणखीच.

पुढच्या महिन्यात शेवटची संधी. तीही गेली तर वॉर्डात पाऊल ठेवता येणार नाही आणि वर्ष फुकट. बाबांना एवढ्यात सांगू नकोस.

लोभ आहे तेवढा राहिला तरी पुरे.

तुझी,
घुमी

१२ ऑक्टोबर

चि. घुमीस,
अनेक आशीर्वाद. वर आशीर्वाद लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिले, खाली काय आहे ते आता वाच.

मी डोक्याला हात लावून बसले आहे. रक्त बघून चक्कर आली, सुई बघून हात कापले, अशा मुली मी ऐकल्या होत्या. पुतळ्याशी बोलायची लाज वाटली म्हणून नर्सिंगच्या पदवीत नापास होणारी तू पहिलीच. अगं, मी दिवसभर बसस्थानकाच्या चौकशी खिडकीत बसते. काचेपलीकडे येणारी निम्मी माणसं तुझ्या आजोबांपेक्षा ठोंब असतात. मी सांगते, ती ऐकत नाहीत, मी पुन्हा सांगते. ऐकत नाहीत म्हणून मी तोंड मिटलं तर नोकरी राहील का?

तुला तिथे घालण्यासाठी मी दादाशी किती भांडले ते आठव. त्याचं म्हणणं, की नन लोकांचं विद्यापीठ, शिस्त कडक, आपली पोर बावळट, दोन महिन्यांत रडत परत येईल. मी छाती ठोकून सांगितलं, की पोरगी हाताची पक्की आहे. तो म्हणाला बरं, नाही जमलं तर आपल्या झेरॉक्सच्या दुकानात दुसरं मशीन येतंच आहे, त्यावर बसेल. बसतेस का जन्मभर? तिथे कोणाशी बोलावं लागत नाही, तुला तर स्वर्गच.

आरशाशी बोल, उशीशी बोल, पण बोल. मी पुढच्या आठवड्यात पित्ताशयातले खडे काढायला दवाखान्यात जाते आहे. दुर्बिणीतून करतात, साधं काम आहे. भेटायला येऊ नकोस. आलीस तरी बोलणार थोडीच!

आशीर्वाद आहेत, पण ते पास झाल्यावर लागू.

तुझी,
आत्या

वसतिगृह,
२० ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

उशीशी बोलून बघितलं. खोलीतली मैत्रीण आत आली आणि उशीचं नाव काय म्हणून विचारू लागली. आता सगळा मजला विचारतो.

काल विभागप्रमुखांनी बोलावलं. त्या नन आहेत. ठेंगण्या, चालताना बुटांचा आवाज येत नाही, वळून बघावं तर मागे उभ्या. मी कसंबसं सांगितलं, की मला हे खोटं वाटतं. ऐकणारं कोणी नसताना बोलणं म्हणजे नाटक. त्यावर त्या म्हणाल्या, की इतकी वर्षं त्या रोज सकाळी चॅपेलमध्ये ज्याच्याशी बोलतात, त्याने एकदाही मोठ्याने उत्तर दिलेलं नाही, आणि मला दहा मिनिटं जड जातात. मी मान हलवून बाहेर आले.

त्यांना जमतं, मला नाही, म्हणून मी ठरवलं आहे. इथेच प्रयोगशाळा तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम आहे. महिना संपायच्या आत बदली मागता येते. रक्ताच्या नळीला नाव विचारावं लागत नाही, ते वर चिकटवलेलं असतं. तू फक्त बाबांना समजाव. तुझं ते ऐकतात.

तब्येतीचं कळव. खडे निघाले की तुझा रागही निघावा.

तुझी,
घुमी

दवाखाना,
२६ ऑक्टोबर

चि. घुमीस,
पडल्या पडल्या आशीर्वाद.

खडे निघाले. राग तिथेच आहे, उलट वाढला आहे, पण या वेळी फक्त तुझ्यावर नाही.

काल सकाळी एक नर्स आली. तुझ्यासारखीच, हात लोण्यासारखा, पट्टी कधी सुटली कळलंसुद्धा नाही. चांगलं की वाईट, अवाक्षर नाही. तिने जखम बघितली. थांबली. वाकून पुन्हा बघितली. नवी पट्टी लावली, चादर नीट केली आणि गेली. ती का थांबली? काय दिसलं तिला? दुपारपर्यंत मी मनातल्या मनात मेले, दादाला रडवलं आणि चौकशी खिडकी कोणाला द्यायची तेही ठरवून टाकलं. संध्याकाळी दुसरी आली तेव्हा कळलं, की जखम छान भरते आहे आणि ती बिचारी बहुतेक टाके मोजत होती.

तू म्हणशील, तोंड होतं ना, विचारायचं. हेच तर सांगते आहे. मी, जिचं तोंड अख्ख्या बसस्थानकाला पुरून उरतं, विचारू शकले नाही. उताणं पडून वर कोणीतरी उभं राहिलं, की माणसाची वाचाच जाते गं. जिवंत बाई मी, पण तिने मला तुझे प्लॅस्टिकचे आजोबा करून टाकलं.

दादाला मी काहीही सांगणार नाही. बदलीच हवी असेल तर फोन उचल आणि स्वतः तोंडाने माग.

टाके दुखत असतानाही लोभ करणारी,
आत्या

वसतिगृह,
१६ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

बाबांना मी फोन केला नाही आणि बदलीचा अर्जही दिला नाही. काल परीक्षा झाली. आज निकाल लागला. पास आहे. आता पुढचं वाच, कारण माझा संताप अजून गेलेला नाही.

तपासायला विभागप्रमुख स्वतः होत्या. आजोबांची उत्तरं आपण पलंगामागून देऊ, असं त्यांनी आधीच सांगितलं. मी माझं नाव सांगितलं, आजोबांचं विचारलं. मागून बाईच्या आवाजात ‘आजोबांनी’ नाव सांगितलं आणि पडद्यापलीकडे कोणीतरी फिसकन हसलं. मी बोलत राहिले. पट्टी सोडून जखम बघताना थांबले आणि मला तुझी ती दुपार आठवली. म्हणून सांगितलं, की मी नुसते टाके मोजते आहे, घाबरू नका, जखम चांगली भरते आहे. मग आजोबांनी विचारलं, की घरी कोणी नसतं, रात्री दुखलं तर मी काय करू.

हे अभ्यासात कुठेच नव्हतं. मी पट्टी पुरी केली, ट्रे बाजूला ठेवला, पलंगाच्या कडेला बसले आणि तो परका हात हातात घेतला. रात्री काय करायचं, कोणाला बोलवायचं, कुठलं दुखणं साधं आणि कुठलं नाही, सगळं सांगितलं. घंटा झाली तरी मी सांगतच होते.

आणि निकालात दोन गुण कापलेले! पेशंटच्या पलंगावर बसायचं नसतं, जंतू जातात, म्हणून. मी तडक त्यांच्या खोलीत गेले. आत्या, मी भांडले. मोठ्याने. बाहेर मुली गोळा झाल्या. मी म्हटलं, की नियम मला पाठ आहे, पण तो पेशंट घाबरला होता, एकटा होता, मी उभ्यानेच उत्तर देऊन निघून गेले असते तर त्याला काय वाटलं असतं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा पुसत शांतपणे विचारलं, की कुठला पेशंट? पलंगावर तर प्लॅस्टिक होतं.

दोन गुण गेले ते गेलेच. सोमवारपासून वॉर्ड. लोभ असू दे आणि बाबांना तूच सांग, मला आज आणखी बोलवत नाही.

तुझी,
घुमी