खंडेनवमीपासून बंद

मंगळवार, १४ ऑक्टोबर १९९७

प्रोग्रॅम सुरूच होत नाही.

नागपूरहून काल दुपारी आले. आज ऑफिसात पाऊल टाकलं तोच दारात लालासाहेब – "आलीस? तुझं यंत्र रुसलंय बघ." मला वाटलं, मोठे क्लार्क सकाळी सकाळी थट्टा करतायत. आत जाऊन नाव टाकलं, पासवर्ड टाकला, प्रोग्रॅम बोलावला – काळा पडदा. कोपऱ्यात कर्सर लुकलुकतोय. पाच मिनिटं, दहा मिनिटं. काय चुकलं तेही सांगत नाही. तिन्ही टर्मिनलवर तेच. चौथं साहेबांच्या केबिनमध्ये, पण ते शोभेचं, कायम झाकलेलं. सगळी टर्मिनलं एकाच मोठ्या मशीनला जोडलेली. ते अडलं की आख्खं रोजगार नोंदणी ऑफिस हात बांधून बसतं.

आणि टेबलावर साताऱ्याचं पत्र. तिथल्या एका सरकारी वर्कशॉपला वीस फिटर हवेत. नोंदणी जुनी त्याचा नंबर आधी, अशी साठ नावं पाठवा. यादी सोमवारी २७ तारखेपर्यंत पोचलीच पाहिजे.

दादाची नोंदणी ८४ सालची. आयटीआय, फिटर. साठात तो येणारच. पण ९ नोव्हेंबरला त्याला पस्तीस पूर्ण होतात, मग वयाची अट आडवी येते. म्हणजे ही त्याची शेवटची यादी.

बुधवार, १५ ऑक्टोबर

आजही नाही. साहेब म्हणाले, "तुम्ही रजेवर गेलात आणि इकडे हे झालं." दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायची रजा मी जुलैमध्ये मागितली होती. आईला एकदा न्यायचं होतं. आता जणू मीच प्रोग्रॅम पिशवीत घालून नागपूरला ठेवून आले!

गुरुवार, १६ ऑक्टोबर

ऑफिसच्या फोनला कुलूप. मशीन बसवून गेलेल्या पुण्याच्या इंजिनिअरला बूथवरून तीनदा फोन केला. तिन्ही वेळा एकच बाई – "ते बाहेरगावी आहेत."

मोठं मशीन बंद करून पुन्हा लावावं, असं शंभरदा मनात येतं. पण इंजिनिअरनं जाताना बजावलंय – त्याला हात लावायचा नाही, आतलं सगळं जाईल. आत अकरा हजार तीनशे कार्डं आहेत. मे ते सप्टेंबर मी एकटीनं चढवली. लालासाहेब शेजारी बसून वाचायचे. फौजेतला आवाज, नावं पार गणपती पेठेत ऐकू जात असतील. मी टाइप करायचे, झालेलं कार्ड ते पोत्यात टाकायचे.

आज तेच म्हणाले, "पोती सोडूया की. हातानं काढू यादी." साहेबांनी मान हलवली. कॉम्प्युटरचीच यादी हवी, वरून तसं पत्र आहे. शिवाय पोत्यात कशाला काही क्रम नाही.

आता कर्सर डोळे मिटले तरी दिसतो.

शनिवार, १८ ऑक्टोबर

अर्धा दिवस. लवकर घरी, तासगावला आले. द्राक्षांची छाटणी झालीय, फवारण्या चालू. दादा बागाबागांतून पंप दुरुस्त करत हिंडतोय. नखांत मोरचुदाचा निळा रंग, धुतला तरी जात नाही. त्याला यादीचं माहीत आहे, पण तोंडातून शब्द काढला नाही. जेवला, उठला. त्यापेक्षा चार शब्द बोलला असता तर बरं झालं असतं.

आईच विचारते. "धम्माचं नाव हाय न्हवं त्या मशीनमदी?"

म्हटलं, "सगळ्यांची आहेत. मीच घातलीत."

उन्हाळ्यात आमच्या वस्तीतली किती माणसं यायची – आमचं तेवढं आधी चढव गं. मी एकाचंही पुढं घेतलं नाही. कुणी बोट दाखवायला नको, की पोरगी खुर्चीवर बसली आणि आपली माणसं पुढं सारली. चुलतभाऊ कपिल त्यावरून अजून बोलत नाही. नाही तर नाही.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

काही नाही. सहा दिवस राहिले. मला यातलं काही कळत नाही, हे आज पहिल्यांदा कबूल करते. तीन महिन्यांचा कोर्स आणि एक जाड इंग्रजी पुस्तक, एवढंच माझं भांडवल. रडले. बसमध्ये, खिडकीकडं तोंड करून.

बुधवार, २२ ऑक्टोबर

इंजिनिअर सापडला! साहेब साताऱ्याला मीटिंगला गेले होते, लालासाहेबांनी कुठून तरी फोनची किल्ली पैदा केली.

इंजिनिअर म्हणाला, "आत्ता आत कोण कोण बसलंय ते बघा." कसं बघायचं तेही सांगितलं. एक शब्द टाइप केला. पडद्यावर दोन ओळी आल्या. पहिली – दीक्षा, टर्मिनल एक. दुसरी – दीक्षा, टर्मिनल चार.

"तुम्ही दोन जागी बसलाय," तो म्हणाला.

चार म्हणजे साहेबांची केबिन. पुढं तारीख – १० ऑक्टोबर, सकाळी ९.४०. त्या वेळी मी गाडीत होते. आई चटणी-भाकरी सोडत होती.

मी लालासाहेबांकडं पाहिलं. ते जमिनीकडं बघत होते.

केबिनमध्ये जाऊन कव्हर काढलं. वर सुकलेला झेंडू. कीबोर्डवर हळदकुंकू, पार बटणांच्या फटीत. "खंडेनवमीला पूजा केली," ते म्हणाले. "फोटो काढायचा हुता. समदे हजर, तूच तेवढी न्हाईस. म्हनलं तुजं नाव तरी दिसू दे पडद्यावर. मग बटण दाबून डबा बंद केला की मी."

पाच महिने शेजारी बसले, पासवर्ड पाठ होणारच. आईचंच नाव आहे, बनुबाई. पण डबा बंद केला म्हणजे प्रोग्रॅम बंद होत नाही. आत नव्या नोंदीचं पान उघडंच राहिलं, आणि ते उघडं असेपर्यंत मशीन दुसऱ्या कुणाला आत घेत नाही. पुन्हा बटण लावलं, ते कोरं पान आलं, ते मी मिटलं. बाहेर येऊन प्रोग्रॅम बोलावला – सुरू!

मी नागपूरला कशासाठी जाते, आणि इकडं माझ्याच नावाला हळदकुंकू. राग आला. पण त्यांनी ते मला वगळायचं नाही म्हणून केलं होतं, तेव्हा कुठं तोंड उघडणार? फडकं ओलं करून कीबोर्ड पुसला. दोघांनी मिळून.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

यादी छापली. साठ नावं, प्रिंटर करकरत होता. लालासाहेब म्हणाले, "भावाचं बघ की." नाही बघितलं. घडी घालून साहेबांच्या सहीला पाठवली. माझी नजर आधी भावावर गेली, असं मलाच वाटायला नको. आज संध्याकाळच्या एसटीनं लालासाहेब स्वतः साताऱ्याला घेऊन गेले.

घरी सांगितलं, यादी गेली. दादा हसला. किती दिवसांनी.

सोमवार, २७ ऑक्टोबर

मुदत संपल्यावर, दुपारी चारला, फाइलमधली प्रत उघडली. दादा नाही.

पुन्हा वाचली. बोट ठेवून वाचली. ८४ सालचे अकरा जण आहेत, ८६ चे आहेत, धम्मपाल नाही. मशीनमध्ये नावानं शोधला, नंबरानं शोधला. असा माणूसच नाही म्हणतं.

लालासाहेबांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले. सगळ्यांच्या देखत बोलले – "माझ्या नावानं आत गेला होतात. काय काय पुसलंत?"

ते म्हणाले, "म्या न्हाई गं पोरी. नुसता दिवा लावला." मी म्हटलं, दिवा लावून माझं घर काळं केलंत. त्यांचा चष्मा हातातच राहिला.

दादाला सांगितलं. तो पंपाचा नोझल पुसत होता. पुसतच राहिला.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

लालासाहेब जागेवर नाहीत. शिपाई म्हणाला, सकाळपासून गोदामात. दिवाळीची रजा रद्द करून पोती सोडतायत. दादाचं कार्ड सापडलं तर ते घेऊन स्वतः साताऱ्याच्या साहेबांच्या पाया पडणार आहेत म्हणे. पडू देत. आता कशाला?

मी खाली गेले नाही.

बुधवार, २९ ऑक्टोबर

दिवाळीची आवराआवर. ऑफिसातल्या माझ्या ड्रॉवरच्या तळाचा जुना पेपर बदलायला काढला. खाली दादाचं कार्ड. कोपऱ्यात पेन्सिलनं, माझ्या अक्षरात – सगळ्यांचं झाल्यावर घेणे.

लालासाहेब अजून गोदामात आहेत. चौदावं पोतं सोडतायत.